शेकडो नेटवर्क डिव्हाइस एका फटक्यात पुसायची कशी: लिनक्समध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कोकण रेल्वेचं एकेक स्टेशन म्हणजे एकेक छोटं नेटवर्क, असं धरून रत्नागिरीतल्या आमच्या प्रॅक्टिकलला मुलं लिनक्सवर सराव करतात. खेडला राउटर, चिपळूणला स्विच, कुडाळला चार संगणक, आणि हे सगळं एकाच लॅपटॉपच्या पोटात, आभासी. उभारताना मजा येते. तास संपत आला की सगळं पुसायचं असतं आणि गाडी तिथे अडते. पाचशे डिव्हाइस बनवायला लागला नाही एवढा वेळ ती पुसायला लागतो. मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, हँग झालं." हँग झालेलं नसतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वाट बघत असतो. कशाची वाट बघतो आणि ती पाचशे वेळा बघण्याऐवजी एकदाच कशी बघायला लावायची, एवढाच या लेखाचा विषय.

हा प्रश्न फक्त प्रॅक्टिकलपुरता नाही. कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर साधारणपणे प्रत्येक कंटेनरमागे आभासी डिव्हाइसांची एक जोडी असते. व्हीपीएन देणाऱ्या मशीनवर कधीकधी प्रत्येक ग्राहकामागे एक टनेल असतो. अशा ठिकाणी हजारो डिव्हाइस येतात-जातात, आणि पुसण्यातला उशीर थेट सेवेच्या अंगावर येतो.

एक खुलासा आधीच करतो. इथे सगळ्या आज्ञा फोनवर सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. "डॅश" म्हटलं की आडवी रेघ. बहुतेक आज्ञांना रूटचे, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात, म्हणून सुरुवातीला "सुडो" धरून चाला.

तयारी

व्हर्च्युअल मशीन घ्या. व्हर्च्युअलबॉक्स असो वा क्यूईएमयू, आत उबुंटू किंवा डेबियन टाका, आणि सुरू करण्याआधी एक स्नॅपशॉट काढून ठेवा. आपण रूट म्हणून "डिलीट" लिहिणार आहोत. ते ऑफिसच्या सर्व्हरवर शिकायचं नसतं. सर्व्हर महाप्यात आणि तुम्ही मालवणात असाल, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरला असाल, आणि ज्या इंटरफेसवरून शिरलात तोच उडवलात, तर पुढचं काम मशीनसमोर जाऊनच करावं लागतं.

कर्नलची आवृत्ती "यूनेम डॅश आर" सांगेल. ४.१ किंवा त्यापुढची हवी. ती २०१५ साली आली, त्यामुळे आज चालू असलेल्या जवळपास कुठल्याही मशीनवर अडचण नाही. "आयपी" ही आज्ञा आयप्रूट२ या पॅकेजमधून येते आणि ती आधीच बसवलेली असते. जुन्या पुस्तकांतलं "आयएफकॉन्फिग" या कामाला निरुपयोगी आहे, ते विसरा.

पायरी १: पुसण्यासाठी काहीतरी बनवा

सरावाला "डमी" प्रकारचं डिव्हाइस सगळ्यात सोयीचं. त्याला तार नाही, कार्ड नाही. त्यावर पाठवलेलं पॅकेट गुपचूप गिळलं जातं. एक बनवायचं तर:

आयपी लिंक ॲड खेड१ टाइप डमी

"आयपी लिंक शो" दिल्यावर यादीत खेड१ दिसेल. डमीचं मोड्युल, म्हणजे कर्नलला लागेल तसा जोडला जाणारा तुकडा, पहिल्यांदाच लोड होत असेल तर सोबत "डमी०" नावाचं एक न मागितलेलं डिव्हाइसही दिसेल. मोड्युल स्वतःहून एक बनवतं, घाबरू नका.

नावांबद्दल एक मर्यादा आत्ताच सांगतो. डिव्हाइसच्या नावाला १५ अक्षरं मिळतात. कर्नल १६ जागा ठेवतो, पण शेवटची जागा नाव संपल्याच्या खुणेला जाते. आमच्या स्टेशनांच्या यादीत याचा मासला तयारच आहे. रोमनमध्ये सलग लिहिलं तर "सावंतवाडीरोड" १४ अक्षरांचं, बसतं. "वैभववाडीरोड" बरोबर १५, काठावर बसतं. "संगमेश्वररोड" १६, आणि आयपी ते नाव चालणार नाही म्हणून सरळ नाकारतो. शिवाय मागे क्रमांक जोडायचा असतो, म्हणून नाव मुळातच आखूड ठेवा.

आता पाचशे बनवायची आहेत. शेलच्या फॉर लूपमध्ये १ ते ५०० आकडे फिरवा आणि प्रत्येक फेरीला एकोने "लिंक ॲड खेड१ टाइप डमी" अशी ओळ "बनवा" नावाच्या फाइलमध्ये टाका, आकडा तेवढा बदलत जाईल. या ओळीत सुरुवातीचा "आयपी" शब्द लिहायचा नाही. मग:

आयपी डॅश बॅच बनवा

आयपी ती फाइल ओळीओळीने वाचून राबवतो. मध्येच एखादी ओळ चुकली तर तिथेच थांबतो. थांबू नये असं वाटत असेल तर "डॅश फोर्स" जोडा.

डिव्हाइस बनली तरी पडद्यामागे काम उरलेलं असतं. प्रत्येक नव्या डिव्हाइसची वर्दी कर्नल यूडेव्हला, म्हणजे डिव्हाइसांची देखरेख करणाऱ्या प्रोग्रामला देतो, आणि यूडेव्ह आपले नियम लावत बसतो. डेस्कटॉपचं उबुंटू असेल तर नेटवर्कमॅनेजरही प्रत्येकाची दखल घेतो. म्हणून लगेच पुढे न जाता "यूडेव्हएडीएम सेटल" द्या. यूडेव्हची रांग रिकामी झाल्यावरच ती आज्ञा परत येते. हे न करता वेळ मोजलात तर पुसण्याच्या खात्यात बनवण्याचा खर्च घुसतो.

(ही डिव्हाइस फक्त मेमरीत असतात. पावसाळ्यात वीज गेली आणि बॅटरीही बसली की सगळी आपोआप साफ. सगळ्यात जलद पद्धत तीच, पण परीक्षेत तिला गुण नाहीत.)

पायरी २: आधी संथ रस्त्याने जा

मुद्दाम चुकीच्या पद्धतीने पुसा. फॉर लूप लावा आणि प्रत्येक फेरीत "आयपी लिंक डिलीट खेड१", "आयपी लिंक डिलीट खेड२" असं चालू द्या. लूपच्या आधी "टाइम" लिहा म्हणजे शेवटी वेळ कळेल. तीन आकडे येतात: रिअल, यूझर आणि सिस. रिअल म्हणजे घड्याळाचा वेळ. यूझर आणि सिस म्हणजे प्रोसेसरने प्रत्यक्ष राबण्यात घालवलेला वेळ. रिअलचा आकडा बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा दिसला, तर मधला फरक नुसत्या थांबण्यात गेला. तो फरक वहीत लिहून ठेवा.

कर्नल थांबतो कशासाठी

इथे घाई करू नका. हे समजलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

एखादं नेटवर्क डिव्हाइस पुसायचं म्हणजे त्याची नोंद यादीतून काढायची आणि त्याची मेमरी सोडून द्यायची. पण त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर एखादं पॅकेट त्याच डिव्हाइसची नोंद वाचत असू शकतं. वाचणाऱ्याच्या हातातून मेमरी काढून घेतली तर कर्नल कोसळेल. प्रत्येक वाचणाऱ्याला लॉक लावायला लावलं तर सेकंदाला लाखो पॅकेट हलवणारा रस्ता तुंबेल. यावर लिनक्समध्ये आरसीयू नावाची पद्धत आहे. पॉल मॅककेनी यांच्या कामातून आलेली ही पद्धत २००२ साली २.५.४३ या आवृत्तीत कर्नलमध्ये शिरली. वाचणाऱ्यांना जवळजवळ फुकटात वाचू द्यायचं आणि सगळा भार पुसणाऱ्यावर टाकायचा, अशी तिची वाटणी. पुसणारा आधी नोंद यादीतून काढतो, म्हणजे नव्या कुणाला ती सापडत नाही. मग आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत तो थांबतो. या थांबण्याला ग्रेस पीरियड म्हणतात. तो संपल्यावरच पुढची मोडतोड.

महत्त्वाची गोष्ट अशी की ग्रेस पीरियड किती लांबेल हे तुम्ही किती डिव्हाइस काढली यावर ठरत नाही. एक काढा नाहीतर पाचशे, थांबणं साधारण तेवढंच. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. खाडी ओलांडायला लागणारा वेळ बोटीवर एक स्कूटर आहे की ती गाड्यांनी भरली आहे यावर ठरत नाही. आपला लूप एकेका स्कूटरसाठी वेगळी बोट सोडत होता.

आणि एका डिव्हाइसमागे असं थांबणं एकदाच होत नाही. चालू डिव्हाइस असेल तर ते बंद करताना, यादीतून काढल्यावर, आणि बाकीच्या उपव्यवस्थांना "हे जातंय" असं कळवून झाल्यावर, अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर कर्नल थांबतो. शेवटी लॉक सोडताना आरसीयूकडे सोपवलेली उरलीसुरली कामं पूर्ण होण्याचीही वाट बघितली जाते. समजा हे सगळं मिळून एका डिव्हाइसमागे २० मिलिसेकंद गेले. ऐकायला काहीच नाही. पाचशेंना १० सेकंद, पाच हजारांना दीड मिनिटाच्या वर. तुमच्या मशीनवरचा खरा आकडा प्रोसेसरांच्या संख्येवर आणि त्यावेळच्या भारावर अवलंबून, पण वाढत जाण्याची रीत हीच.

यात दुसरा गडी आहे आरटीएनएल. नेटवर्कच्या रचनेत बदल करणाऱ्या जवळपास प्रत्येक कामाला हे एक मोठं लॉक घ्यावं लागतं. डिव्हाइस बनवणं, पुसणं, पत्ता देणं, सगळं त्याच दारातून जातं. तुमचा लूप ते पाचशे वेळा घेतो आणि सोडतो. कर्नल आपल्या परीने घाई करतो. आरटीएनएल धरलेलं असताना तो ग्रेस पीरियडचा तातडीचा प्रकार वापरतो, म्हणजे सगळ्या प्रोसेसरांना टोचून लवकर उत्तर मागतो. तरी पाचशे वेळा टोचणं ते टोचणंच. नेमस्पेसागणिक (नेमस्पेस म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, पायरी ५ मध्ये येईल) वेगळं आरटीएनएल करण्याचं काम अलीकडच्या कर्नलमध्ये सुरू आहे, पण नवशिक्याने एकच लॉक आहे असं धरून चालणं बरं.

यावरचा उपाय कर्नलमध्ये जुना आहे. एरिक डुमाझे यांनी २००९ साली "अनरजिस्टर नेटडिव्हाइस मेनी" हे फंक्शन आणलं, आणि ते २.६.३३ या आवृत्तीपासून आहे. आधी पुसायची डिव्हाइस एका यादीत जमा करायची, मग अख्खी यादी एकदम या फंक्शनच्या हवाली करायची. ते प्रत्येक टप्पा सगळ्या यादीसाठी उरकतं आणि टप्प्यागणिक एकदाच थांबतं. प्रश्न उरतो तो एवढाच की कीबोर्डवरून या फंक्शनपर्यंत पोचायचं कसं.

पायरी ३: बॅच फाइल, म्हणजे अर्धा उपाय

पहिला विचार बहुतेकांना हाच सुचतो. बनवायला बॅच फाइल वापरली, तर पुसायलाही तीच वापरू. करून बघा. फाइलमध्ये "लिंक डिलीट खेड१" अशा पाचशे ओळी घाला आणि पुन्हा वेळ मोजा. पाचशे वेळा नवी आयपी प्रोसेस सुरू करण्याचा खर्च वाचतो, त्यामुळे यूझर आणि सिस खाली येतील. थांबण्याचा वेळ मात्र फारसा हलणार नाही. कारण आयपी आतून अजूनही कर्नलला पाचशे वेगवेगळे निरोप पाठवतो, आणि प्रत्येक निरोपाला वेगळं लॉक, वेगळा ग्रेस पीरियड. नावात बॅच असलं तरी ती आयपीच्या बाजूची बॅच. कर्नलला तिचा पत्ता नसतो.

लूपच्या मागे "अँड" चिन्ह लावून सगळे डिलीट एकाच वेळी सोडून देणारेही भेटतात. सगळे आरटीएनएलच्या दारात रांगेत उभे राहतात. गर्दी वाढते, हाती फारसं लागत नाही.

पायरी ४: ग्रुप, म्हणजे खरा उपाय

प्रत्येक नेटवर्क डिव्हाइसला कर्नलमध्ये एक ग्रुप क्रमांक असतो. ही सोय २०११ च्या २.६.३९ पासून आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तर तो क्रमांक ०. आणि ४.१ पासून अख्खा ग्रुप एका निरोपात पुसता येतो. कर्नल त्या क्रमांकाची सगळी डिव्हाइस गोळा करून थेट वरच्या "मेनी" फंक्शनला देतो.

पुन्हा पाचशे बनवा, पण या वेळी "बनवा" फाइलमध्ये प्रत्येक "ॲड"च्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला:

लिंक सेट डेव्ह खेड१ ग्रुप ७७

७७ च का, तर काही कारण नाही. शून्य सोडून कुठलाही आकडा चालतो. ग्रुप बदलताना कर्नलला ग्रेस पीरियड लागत नाही, त्यामुळे या जास्तीच्या पाचशे ओळी फारशा जाणवत नाहीत.

पुसण्याआधी बघून घ्या:

आयपी लिंक शो ग्रुप ७७

ही सवय मी सक्तीने लावतो. यादीत फक्त खेडची डिव्हाइस आहेत ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही:

आयपी लिंक डिलीट ग्रुप ७७

"टाइम" लावून मोजा आणि मघाच्या वहीतल्या आकड्याशेजारी मांडा. मागच्या बाकावरची कुजबुज इथे थांबते.

आता याच्या आडकाठ्या. त्या अंगवळणी पडल्या पाहिजेत, कारण त्यातल्या दोन तुमच्या भल्यासाठीच ठेवलेल्या आहेत.

ग्रुप ० पुसायला सांगितला तर कर्नल "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणून परत पाठवतो. काहीच न सांगितलेली सगळी डिव्हाइस शून्यात असतात, म्हणून ही बंदी.

ग्रुपमध्ये एक जरी न पुसता येणारं डिव्हाइस असेल, म्हणजे खरं इथरनेट कार्ड किंवा "एलओ" हे लूपबॅक, तर "ऑपरेशन नॉट सपोर्टेड" येतं आणि एकही डिव्हाइस पुसलं जात नाही. कर्नल आधी सगळा ग्रुप तपासतो, मगच हात लावतो. नवशिके हा संदेश बघून कर्नल जुना आहे असं समजतात. आधी "शो ग्रुप" चालवा, घुसखोर सापडेल. त्याला ग्रुप ० मध्ये परत पाठवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

ग्रुप नेमस्पेसच्या भिंतीपलीकडे बघत नाही. खेडच्या नेमस्पेसमधला ७७ आणि चिपळूणच्या नेमस्पेसमधला ७७ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणि एक गैरसमज. पुसण्याआधी "लिंक सेट खेड१ डाउन" करावं, असं बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं. चालू डिव्हाइस पुसलं तरी कर्नल ते आधी बंद करतोच, तेही सगळ्या यादीचं एकदम. तुम्ही एकेक करून डाउन केलंत तर प्रत्येकामागे एक वेगळं थांबणं स्वतःच्या हाताने जोडलंत. फक्त बंद करायचं असेल, पुसायचं नसेल, तर "आयपी लिंक सेट ग्रुप ७७ डाउन" आहेच.

पायरी ५: नेमस्पेस

स्टेशनांचं नेटवर्क नीट मांडायचं तर प्रत्येक स्टेशनला स्वतःचं नेमस्पेस देणं चांगलं. नेमस्पेस म्हणजे स्वतःची डिव्हाइस, स्वतःचे राउट आणि स्वतःची फायरवॉल असलेला वेगळा कप्पा.

आयपी नेटएनएस ॲड खेड
आयपी डॅश एन खेड लिंक ॲड फलाट१ टाइप डमी

"डॅश एन खेड" म्हणजे हे काम खेडच्या कप्प्यात कर. आता "आयपी नेटएनएस डिलीट खेड" दिलं की कप्प्यासकट आतली सगळी आभासी डिव्हाइस जातात, आणि तीही गठ्ठ्याने. मोडायचे अनेक कप्पे एकाच वेळी साचले असतील तर कर्नल ते सगळे एकाच फेरीत घेतो. "आयपी डॅश ऑल नेटएनएस डिलीट" नाव असलेले सगळे कप्पे मोडतं. तास संपताना आम्ही हेच वापरतो. मात्र ज्या मशीनवर दुसऱ्या कुणाचेही कप्पे आहेत तिथे "ऑल" हा शब्द तोंडातूनही काढू नका.

इथे वेळ मोजताना फसगत होते. नेमस्पेसची आज्ञा लगेच परत येते आणि मुलं "शून्य सेकंद!" म्हणून वहीत लिहितात. खरं तर आज्ञेने फक्त नाव काढलेलं असतं. आतली साफसफाई कर्नलची एक वेगळी कामगार रांग मागाहून करते. खरा शेवट बघायचा तर एक डिव्हाइस-जोडी बनवा, तिचं एक टोक खेडमध्ये आणि दुसरं बाहेर ठेवा, शेजारच्या टर्मिनलमध्ये "आयपी मॉनिटर लिंक" चालू ठेवा आणि बाहेरचं टोक कधी नाहीसं होतं ते पाहा. जोडीला "व्हीइथ" म्हणतात, आणि तिचं एक टोक गेलं की दुसरं आपोआप जातं.

कप्पा मोडला पण साफसफाई होतच नाही, असंही होतं. नेमस्पेसमध्ये एखादी प्रोसेस जिवंत असेल तर नाव जातं, कप्पा मात्र अनामिक होऊन जगत राहतो. म्हणून मोडण्याआधी "आयपी नेटएनएस पिड्स खेड" देऊन आत कोण बसलंय ते पाहा. नाव आधीच उडवलं असेल तर "एलएसएनएस डॅश टी नेट" मशीनवरचे नेटवर्क कप्पे आणि त्यांतल्या प्रोसेस दाखवतं.

कप्प्यात खरं कार्ड टाकलं असेल तर ते पुसलं जात नाही. ते मूळ कप्प्यात परत येतं. तिथे त्या नावाचं दुसरं काही असेल तर त्याला "डेव्ह" आणि एक आकडा असं नवं नाव मिळतं. "माझं इथरनेट कार्ड गायब झालं" अशी तक्रार आली की मी आधी या नावाचं काही दिसतंय का ते विचारतो.

पायरी ६: मुळावर घाव

काही डिव्हाइस दुसऱ्याच्या आधाराने उभी असतात. एका डमीवर शंभर व्हीलॅन (एकाच डिव्हाइसवर आखलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) बांधले असतील तर शंभर पुसत बसू नका. खालचा डमी पुसा, वरचे व्हीलॅन त्याच्याबरोबर गठ्ठ्याने जातात. मॅकव्हीलॅनचंही तेच. ब्रिजचं उलट. ब्रिज पुसला तर त्याला जोडलेली डिव्हाइस फक्त सुटी होतात, जात नाहीत.

मोड्युलच काढून टाकणं हाही एक मार्ग. "आरएमएमॉड डमी" दिलं की त्या प्रकारची सगळी डिव्हाइस, सगळ्या कप्प्यांतली, एकदम जातात. सरावाच्या मशीनवर झकास. बाकी कुठेही नको.

गठ्ठा केवढा असावा

हजारो डिव्हाइस एका ग्रुपमध्ये घालून एका आज्ञेत पुसली तर एकूण वेळ कमीत कमी लागतो, हे खरं. पण तेवढा सगळा वेळ आरटीएनएल एकाच्याच हातात राहतं. तेवढ्यात नवा कंटेनर उभा राहू पाहत असेल, कुणी पत्ता बदलत असेल, तर ते ताटकळतात. सरावाच्या मशीनवर याची फिकीर नाही. चालत्या सर्व्हरवर मी काहीशे डिव्हाइसांचे गट पाडेन, ७७, ७८, ७९ असे क्रमांक देईन, आणि दोन डिलीटच्या मध्ये क्षणभर श्वास घेऊ देईन. दोनशेचा गट आणि दोन हजारांचा गट यांत एका डिव्हाइसमागे वाचणाऱ्या वेळेचा फरक आता किरकोळ उरलेला असतो. थांबण्याचा मोठा भाग दोनशेतच वाटला गेलेला असतो.

अडकलं तर

कधीतरी डिलीट खरोखरच अडकतं. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या "डीएमईएसजी" या आज्ञेत ओळ दिसते: अनरजिस्टर नेटडिव्हाइस, वेटिंग फॉर खेड१ टू बिकम फ्री, यूसेज काउंट आणि पुढे एक आकडा. याचा ग्रेस पीरियडशी संबंध नाही. कर्नलमधला कुणीतरी त्या डिव्हाइसचा संदर्भ धरून बसला आहे आणि सोडत नाही. ही ओळ मुळात दर १० सेकंदांनी येते. एकदोनदा येऊन थांबली तर सोडून द्या. येतच राहिली तर बहुधा कुठल्या तरी मोड्युलमधला दोष आहे, आणि त्यावर वापरणाऱ्याच्या हातात रीबूटखेरीज फारसं काही नसतं. कप्पा मोडताना असं झालं तर त्याच्या मागच्या सगळ्या कप्प्यांची साफसफाई खोळंबते, कारण ती रांग एकच आहे. दोष शोधायचाच असेल तर ५.१७ पासून कर्नल बांधताना नेटवर्क डिव्हाइसांच्या संदर्भांचा ट्रॅकर चालू करण्याचा पर्याय आहे. कोणी, कुठून संदर्भ घेतला ते तो दाखवतो.

ज्यांना कर्नलमध्येच लिहायचं आहे त्यांच्यासाठी

स्वतःचं आभासी डिव्हाइस लिहिणारे एखाददुसरे दरवर्षी निघतातच, म्हणून थोडक्यात. तुमच्या "डेललिंक" फंक्शनला दुसरा पॅरामीटर म्हणून एका यादीचं डोकं मिळतं. डिव्हाइस तिथल्या तिथे न पुसता "अनरजिस्टर नेटडिव्हाइस क्यू"ला ते डिव्हाइस आणि तीच यादी द्या. यादीऐवजी नल आला तर क्यू एकट्याचं काम लगेच उरकतं, तुम्हाला वेगळी तपासणी करावी लागत नाही. यादी न बघता सरळ "अनरजिस्टर नेटडिव्हाइस" बोलावलंत, तर तुमचं डिव्हाइस कुठल्याही ग्रुपमध्ये असलं तरी एकेकटंच पुसलं जाईल, आणि वापरणारा ग्रुपच्या आज्ञेला दोष देत बसेल.

स्वतः यादी जमवत असाल तर लॉक एकदा घ्या, फिरून सगळी क्यूमध्ये टाका, "मेनी" एकदा बोलवा, लॉक सोडा. "मेनी" परत आल्यावर यादीचं डोकं वापरण्याजोगं राहत नाही. कर्नल ते मुद्दाम तोडतो, कारण बहुतेक वेळा ते स्टॅकवर असतं. पुन्हा वापरायचं तर नव्याने इनिशियलाइज करा. आणि लॉक धरलेलं असताना डिव्हाइसची मेमरी स्वतः मोकळी करू नका. सेटअपमध्ये "नीड्स फ्री नेटडेव्ह" खरं ठेवा. लॉक सुटताना उरलेले संदर्भ संपले आहेत ना, हे बघून कर्नल ती मेमरी स्वतः सोडतो.